देवमनच्या अंगणातलं इंजन

पिस्टन हलेना.

देवमननं लाकडाचा ठोकळा ठेवून वरून घण मारला, तरी ढिम्म. घामानं बंडी पाठीला चिकटली होती. "मेलं हाय हे," तो म्हणाला. "अमरावतीचा मिस्त्री खरं बोलला. भंगारात टाका म्हणे."

"मेलं नाही, बा. जाम झालं हाय." ललिताच्या मांडीवर इंजनाची इंग्रजी पुस्तिका होती, शेजारी शाळेची डिक्शनरी. "रॉकेल टाकून चार दिवस भिजू द्या, असं लिहिलं हाय इथं. तू पयल्याच दिवशी काहून मारून राहिला त्याले?"

"नववीत गेली तं बापाले शिकवते!" चुलीजवळून तिची आई पंचफुला म्हणाली. आवाजात तक्रार मात्र नव्हती.

इंजन वामनरावांचं. वरूडच्या अलीकडे त्यांची संत्र्याची बाग, बागेत विहीर, विहिरीवर हे तेलावरचं जुनं इंजन. ऐन मे महिन्यात ते बंद पडलं आणि झाडं पानं गाळू लागली. देवमन काही मिस्त्री नव्हता. अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये दोन हंगाम यंत्रांना तेल घातलं होतं, एवढंच. तरी त्यानं हिंमत केली. मजुरी मागितली नाही. इंजन चालू झालं की पाइपाचं एक तोंड आमच्या वस्तीकडं सोडा, एवढंच मागितलं. वस्तीच्या बाया नदीत झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरत. पंचफुलाची अख्खी सकाळ त्यात जाई.

"दिलं," वामनराव लगेच म्हणाले. "फक्त विहिरीवर पसारा नको. घरी ने, निवांत खोल."

आणि खरंच, स्वतःच्या गाडीबैलानं इंजन पाठवलं! वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन दोन वर्षं झाली होती. जुनं सगळं गेलं, असं ललिताला वाटे. वामनरावांकडे पाहून तर तिची खात्रीच पटे.

रोज सकाळी ते येत. रस्त्यावरच्या निंबाखाली उभे राहून विचारत, "काय म्हणते आमचं जनावर?"

ललिता चहा घेऊन धावे.

"आत्ताच घेतला वं माय. मले पित्त होते."

शेजारचे नत्थुजी मात्र टोमणे मारायलाच येत. "देवमन, उघडलं तसं बंद होईन का हे? का उरल्या बोल्टांची माळ करशीन पंचफुलेले?"

"एकबी उरणार नाही, काका," ललिता ठसक्यात सांगे. तिनं प्रत्येक बोल्टाचं चित्र वहीत काढलं होतं, आणि पोत्यावर खडूनं नंबर टाकून ते ओळीनं मांडले होते.

पाचव्या दिवशी पिस्टन निघाला. रिंगा काजळीत रुतून बसल्या होत्या. लोखंडानं ओरखडे पडतील म्हणून ललितानं बांबूच्या कमचीनं काजळी खरवडली. एक रिंग तुटकीच निघाली. नव्या रिंगेसाठी देवमन दोनदा अमरावतीच्या राजापेठेत जाऊन आला. तेल फवारायचं भोक सुईनं मोकळं केलं तेही ललितानंच, देवमनची बोटं तिथं पोचेनात.

"पोट्टी तं इंजनेर निघाली, देवमन!" निंबाखालून वामनराव म्हणाले. त्या दिवशी ललिताचे पाय जमिनीला लागले नाहीत.

विसाव्या दिवशी इंजन विहिरीवर परत गेलं. बोल्ट एकही उरला नाही. वामनरावांनी शब्द पाळला होता. वस्तीकडचा पाइप जोडून तयार होता. सारी वस्ती हंडे-घागरी घेऊन बागेच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेनं उभी राहिली.

असल्या इंजनाचं डोकं आधी लाल तापवावं लागतं. देवमननं पंप मारून दिवा पेटवला, डोकं लाल होईपर्यंत धरला आणि चाकाला हिसडा दिला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ठक् झालं. मग ठक् ठक् ठक्, आणि पांढरंशुभ्र पाणी संत्र्यांच्या पाटात धावलं. पंचफुला रडायलाच लागली. नत्थुजींनी टोपी उडवली.

तासभर झाडांना पाणी दिल्यावर वामनरावांनी हात वर केला. "बंद कर. घरची मंडळी पूजा करतीन, मंग पयलं पाणी तुमचं."

देवमन इंजन बंद करून धुऱ्यावर आला. वामनरावांच्या पत्नी पार्वताबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढे झाल्या. मागून गडी विहिरीतून शेंदलेल्या गार पाण्याच्या बादल्या घेऊन आला. गोमूत्राचा तांब्याही होता. पहिली बादली वामनरावांनी स्वतः उचलली.

"मालक, नका!" देवमन ओरडला. "लाल हाय ते अजून! पाण्यानं फुटते!"

"वीस दिवस तुह्या घरी होतं ना बापा," वामनराव त्याच मायेनं म्हणाले. "धुतल्याबिगर पूजा कशी करू?"

चर्र झालं. वाफेचा लोट उठला आणि त्यातून तड् असा आवाज आला. वाफ विरली तेव्हा इंजनाच्या डोक्यापासून बुडापर्यंत बोट जाईल एवढी भेग होती.

वामनराव इंजनाभोवती फिरून पलीकडे गेले, वाकून पाहिलं.

"इकडची बाजू कोरडीच राह्यली," ते गड्याला म्हणाले. "आन अजून एक बादली."