आखाजीची मोटार

"हिच्यात सात जण बसतात, पाटील. अन् आठवा लाडात आला तं तोही मावते," निवृत्ती मिस्त्री म्हणाला, आणि त्यानं मोटारीचं मागचं दार अशा थाटात उघडलं, जणू आतून लाटसाहेबच उतरणार होते.

हिंमतरावांनी मिशीवर हात फिरवला. बैलबाजारात त्यांना कोणी फसवू शकत नसे. दात पाहायचे, खूर पाहायचे, शेपटी पिळायची. मोटारीचं काय पिळायचं? त्यांनी आपलं चाकाला एक लाथ मारून पाहिली. मोटार गप्प उभी राहिली. हिंमतरावांना ती फार आवडली.

नांदुऱ्याच्या स्टेशनामागं मिस्त्रीच्या आवारात दोन जुन्या सलून मोटारी उभ्या होत्या. एक काळी, पेट्रोलवरची. दुसरी हिरवी, तिच्याहून लांबरुंद. पण तिच्या पोटात मिस्त्रीनं लढाईतल्या लॉरीचं डिझेल इंजिन बसवलेलं. पिंपळगाव राजाहून सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं हिंमतराव आले होते, सोबत सोजराबाई. बायकोला मोटार दाखवायला आणणारे गावात तेच पहिले. पण ही मोटार होती लेकीसाठी, आणि लेकीच्या बाबतीत सोजराबाई मागं राहणाऱ्यातल्या नव्हत्या.

लग्न झाल्यापासून शालू एकदाही आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला, माहेरी आली नव्हती. सासरा सुलतानपूरचा रंगराव. मालदार, आणि नाक त्याहून मोठं. त्याचा निरोप ठरलेला असे. 'आमची सून बैलांच्या दमणीत बसून हाडं खिळखिळी करून घेणार नाही. घरची मोटार आणा. सण झाला की दुसऱ्या सकाळी त्याच मोटारीनं परत आणून घाला. दुसऱ्या कशात बसून आली, तर वेशीतूनच माघारी.' सणाला अंगणातल्या निंबाला झोका बांधला जाई, आणि त्यावर शेजारच्या लेकी गाणी म्हणत झुलत. सोजराबाई तेवढा वेळ चुलीपाशी बसून राहत.

यंदा हिंमतराव इरेला पेटले होते. घरचीच मोटार!

"कोणती घेऊ, मिस्त्री? खरं सांग बे."

"खरं सांगतो. काळीचं इंजिन म्हणजे गरीब गाय. बिघडलं तं खामगावात सामान मिळते, नाही तं तार बांधूनही चालते. पण पेट्रोल सरकारी कुपनावर. आज आहे, उद्या नाही. हिरवीले डिझेल कापसाच्या जिनवाल्यांकडून कवाही मिळते, अन् पितेही थोडं. घाट तं अशी चढते की बस! फक्त..."

"फक्त काय?" पदर सावरत सोजराबाई पुढं झाल्या.

"नोझल, बाई." मिस्त्रीनं बॉनेट उचलून इंजिनात रुतलेली बोटाएवढी तोटी दाखवली. "हे डिझेल फवारते. हे गेलं की मोटार म्हणजे पत्र्याची कोठी."

"अन् ते खामगावात भेटत नाही?"

"नाही. मुंबईहून येते."

"किती दिवसांत?"

"नेम नाही, बाई. कधी पंधरा दिवस, कधी महिना."

"त्याच्या आधी नाहीच येत? कोणी ओळखीचं असलं तरी?"

"कलेक्टर ओळखीचा असला तरी नाही."

हिंमतरावांना बायकोची कणव आली. आईचा जीव! "पाह्यलं?" ते म्हणाले. "लेकीले घेऊन मधात कुठं बसलो तं? काळीच घेऊ."

सोजराबाईंचं समाधान झालं नव्हतं. "दादा, ते नोझल सुलतानपूरची एक खेप तं करीन ना? जाऊन यायची?"

"आत्ताच नवं टाकलं, बाई. एक काय, दहा खेपा करीन."

"मंग हिरवी घ्या," सोजराबाई म्हणाल्या.

हिंमतराव पाहतच राहिले. "आत्ता तं नोझल-नोझल करत होती वं तू! डोकं फिरलं काय?"

"तुमचं कुपन ऐन आखाजीले संपलं तं काय मोटारीले बैल जुंपता? रंगरावभाऊ सारं सुलतानपूर गोळा करून हासन. मोटारीचं काय, पोरगी घरी आणून पोचवली की झालं."

कुपनाचं हिंमतरावांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि हिरवी मोठीही होती. रंगरावांच्या दारात तीच शोभली असती. ते थोडा वेळ दोन्ही मोटारींच्या मधात उभे राहिले, काळीकडे पाहून हळहळले, मग एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "हिरवी!"

मिस्त्रीनं सौद्याचा हात मिळवला. हिंमतराव धोतर सावरत चालकाच्या जागेवर चढून बसले. चाक दोन्ही हातांत घट्ट धरलं. समोर नांदुऱ्याची भिंत होती, पण त्यांना सुलतानपूरची वेस दिसत होती, वेशीत रंगराव, आणि मागच्या गादीवर महाराणीसारखी शालू. त्यांनी भोंगा दाबला. आवारातली कोंबडी छपरावर गेली. त्यांनी आणखी दोनदा दाबला.

"पुरे करा हो! बहिरं करता काय लोकाईले?" उघड्या बॉनेटमागून सोजराबाईंचा आवाज आला.

हिंमतराव हसले आणि थांबले. सगळं शांत झालं. मग त्याच बॉनेटमागून, आवाज अगदी खाली आणून, सोजराबाई मिस्त्रीला म्हणताना ऐकू आल्या, "दादा, हे नोझल कोणत्या पान्यानं निघते तेवढं मले दाखवून ठेवा. आखाजीच्या सांजी मले ते काढून तुरीच्या कोठीत टाका लागते."