केतकी येईपर्यंत

"आज ती आली की मी बोलणारच आहे," सोसायटीच्या हॉलच्या पायरीवर बसत मी म्हणाले. हॉलची किल्ली व्यायाम शिकवणाऱ्या केतकीकडे, आणि केतकीचा आजही पत्ता नव्हता. आम्ही साठीच्या बायका बूट घालून थंडीत कुडकुडत होतो.

"नुसतं बसून काय करायचं? फुगडी घालू या," प्रमिलाताई म्हणाल्या. बघता बघता जोड्या जमल्या. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. आमचे हे गेल्यापासून मंगळागौरीचं बोलावणं आलं नव्हतं. आपण आता खेळायचं नाही, हे मला कुणी सांगावंही लागलं नव्हतं.

"अहो, मला जोडी कोण?" प्रमिलाताई हात पुढे करून माझ्यासमोर उभ्या होत्या. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणाच्या चेहऱ्यावर काहीच वेगळं नव्हतं. मग मी मोबाइल पायरीवर ठेवला. आम्ही पायाला पाय जुळवले, मागे रेललो, आणि हॉल, गाड्या, कुंडीतली तुळस सगळं गरगरायला लागलं. कुणीतरी मोठमोठ्याने हसत होतं. ती मीच होते.

स्कूटर कधी आली ते कळलंच नाही. आम्ही थांबलो, तेव्हा केतकी समोर ओशाळून उभी होती. "सॉरी काकू. उद्यापासून नक्की वेळेवर येते."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी बोलणार होते ना.

"वेळेचं राहू दे," मी धापा टाकत म्हणाले. "ते हेल्मेट ठेव तिकडे आणि हात दे."