पुढच्या पाळीसाठी

पडद्यावर दिव्याचं चित्र होतं आणि ज्योतीभोवती काळे चौकोन पडले होते.

"भिया, अमेरिकावाल्यांना हे दाखवू? दिवाळीत ग्रहण?" देवेंद्रजी कडाडले. विजय नगरातलं ते ऑफिस एवढंसं. साहेबांचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

पंढरीनाथ उभे राहिले. मिल बंद पडल्यावर पंचेचाळिशीत कॉम्प्युटर शिकलेला हा माणूस, कुणी ओरडलं की आधी आपणच उभा राहायचा. "तो भाग माझ्याकडे होता, सर. गलती माझीच असेल."

"मग सोमवारपासून स्टोअर सांभाळा. ये काम आपके बस का नहीं."

शेजारच्या टेबलावरच्या तरुण यतीनने मान वर केली नाही. चित्रं काढणाऱ्या प्रोग्राममधलं फालतू काम छाटणारा कंपायलर ते दोघे बनवत होते. संख्या स्वतःएवढी आहे का, ही तपासणी छाटू नये, अशी पंढरीनाथांची एक ओळ त्यात होती. "काका, पाच म्हणजे पाचच ना?" असं मोठ्याने विचारून यतीनने महिन्यापूर्वी सगळ्या ऑफिसला हसवलं होतं आणि नंतर गुपचूप ती ओळ उडवली होती. वेग वाढला, त्याची पाठ थोपटली गेली. पण शून्याला शून्याने भागलं की जे येतं ती संख्याच नसते. ते स्वतःएवढंसुद्धा नसतं. ते पकडणारी तपासणीच आता छाटली जात होती आणि चित्रात तिथे काळे चौकोन पडत होते. यतीनला हे सकाळीच कळलं होतं. तरी तो बोलला नव्हता.

पंढरीनाथ खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले. "बेटा, माझं चुकलं कुठे तेवढं दाखव. जाण्याआधी समजून घेतो."

यतीनने जुनी प्रत उघडली. त्या ओळीच्या वर पंढरीनाथांनी लिहून ठेवलं होतं: वेडेपणा वाटेल, पण काढू नये. काढायचंच तर आधी मला विचारावे.

त्यांनी ते वाचलं. मग नवी प्रत पाहिली. तिथे काहीच नव्हतं.

"मिलमध्ये आम्ही घरी जाताना लूमवर त्याची खोड खडूने लिहायचो, पुढच्या पाळीवाल्यासाठी," ते हळूच म्हणाले. "गडबडीत लक्ष नाही जात कुणाचं. होता है. तू पण वाचलं नसशील."

साहेबांच्या केबिनचं दार उघडंच होतं. यतीन उठला.

"वाचलं होतं, काका," तो म्हणाला, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.