साडेसदतीस अंश

अंडी फुटायला चार दिवस उरले होते, आणि त्यातून आपल्याला काय काय मिळणार याची यादी काशीरामने मनात तयार ठेवली होती. बारा पिल्लं, ती तर आलीच. अंडी उबवायचं मशीन घेतलं तेव्हा रोडपालीच्या नाक्यावर जे दात काढून हसले होते, त्यांची तोंडं बंद. पण यादीतली मोठी बाब वेगळीच होती. मिठागर गेलं, भातशेती गेली, तिथे इमारती उभ्या राहिल्या आणि भाडं परस्पर मुलाच्या, प्रितमच्या मोबाइलवर येऊ लागलं. तेव्हापासून पंधरा वर्षं घरात कुणी काशीरामला 'काम झालं का?' असं विचारलं नव्हतं. 'जेवलात का?' असं दोन वेळा विचारत, तेवढंच.

म्हणून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीला तो ऑफिस म्हणायचा. टेबल, खुर्ची, भिंतीवर कॅलेंडर आणि मधोमध अंडी उबवायची पेटी. त्याच्या बायकोने, भामाने, जन्मभर खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवल्या होत्या. अंडं मिटल्या पापणीला लावून ती ऊब सांगायची. काशीरामने पहिल्याच दिवशी तिला दार दाखवलं.

"ह्यात अंदाजाचं काम नाय. साडेसदतीस म्हंजे साडेसदतीस. हात लावू नको."

"बरं, सायेब," भामा म्हणाली आणि जिना उतरली.

सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी पाच, रात्री दहा. चार वेळा तो आकडा वहीत लिहायचा. सोळा दिवसांत चौसष्ट नोंदी, चौसष्टही साडेसदतीस. तेही मे महिन्यात. मशीनची पाठ थोपटून तो खाली यायचा, कालवण-भात जेवायचा आणि पंख्याखाली पाचपर्यंत ताणून द्यायचा.

सतराव्या दिवशी भामा भाचीच्या हळदीला द्रोणागिरीला गेली. सून स्नेहलने वेळेवर ताट वाढलं, कालवणही चांगलं होतं, पण काशीरामला झोप लागेना. ह्या कुशीवरून त्या कुशीवर झालं. शेवटी दोन वाजता तो उठून वर गेला.

दार उघडताच भट्टीसारखी झळ तोंडावर आली. पेटी टी-टी करून ओरडत होती. आकडा एकोणचाळीस पॉइंट चार. आतली गरम करणारी तार केव्हाच आपोआप बंद झाली होती. बिचाऱ्या मशीनने आपलं काम चोख केलं होतं. त्याला तापवणं तेवढं ठाऊक होतं, गार करणं नव्हे. काशीरामने बटण बंद केलं. तरी आकडा पॉइंट पाचवर चढला.

त्याने फोन लावला. "भामा! पेटी तापलीय! पोरं उकडून मरतील!"

मागे बँजो वाजत होता. भामाच्या आवाजात जराही नवल नव्हतं. "दाराच्या मागं बालदीत पोती हायत. एक भिजवून पत्र्यावर टाका, एक खिडकीला लावा. पत्र्यावर पानी मारा. झाकन बोटभर सरकवा. मंग अंडं पापनीला लावून बगा. चटका नाय लागला का झाकन बंद."

अर्ध्या तासाने आकडा उतरला. काशीराम घामाने निथळत अंडं डोळ्याला लावून उभा होता. आतून काहीतरी हललं, तसा तो खुर्चीत बसला. दाराआड पोती सापडली तेव्हाच ती ओली होती, आणि बालदीही आधीच अर्धी रिकामी होती. त्याने पुन्हा फोन लावला.

"तू रोज बसायचीस इथं?"

"मंग? दुपारी पत्रा तापतो ते तुमच्या पेटीला कोन सांगनार?"

"आदी का नाय बोललीस?"

"पंदरा वर्सांनी तुमी घड्याल लावून उठाय लागला. मी काय बोलू?"

वहीत त्या दिवशीही साडेसदतीसच लिहिलं गेलं. वहीत दुपारचे दोन कधी वाजतच नसत. मात्र पुढच्या दुपारी काशीराम खाली झोपला नाही.

एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. सगळं घर गच्चीवर जमलं. लेक रंजिता आणि जावई मितेश मुद्दाम आले होते. प्रितमने वही चाळली आणि मान हलवली.

"मानलं बाबा तुम्हाला. एकदाही आकडा हलला नाही."

याच वाक्यासाठी सगळा खटाटोप होता. काशीरामने ते कान भरून ऐकलं आणि तो म्हणाला, "सोला दुपारी तुजी आय ह्या भट्टीत बसली. मी खाली घोरत होतो. ही पिल्लं तिची हायत."

मितेशने टाळी वाजवली. "याला म्हणतात मोठं मन! एवढं करून नाव बायकोचं!"

"बाबा पहिल्यापासून असेच," रंजिताने डोळे पुसले.

"बाबा," प्रितम म्हणाला, "खालचा गाळा कुणाला द्यायचा ते ठरवायचंय. तुम्ही बसा ना जरा माझ्याबरोबर."

"अरं, खरंच सांगतो रे! भामा, तू तरी सांग!"

सगळे भामाकडे वळले. तिने एक शब्द बोलायचा होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. शर्ट भिजलेला, हातात ओलं पोतं, आणि तोंडावर पंधरा वर्षांत न दिसलेली घाई.

"यांचंच हाय सगलं," ती म्हणाली. "मला काय कलतंय मशिनातलं?"

काशीरामने खरं बोलून सगळं परत करून पाहिलं, पण घ्यायला कुणी तयार नव्हतं. नऊ पिल्लं, नाक्यावरचं नाव, मुलाने मागितलेला सल्ला आणि वर मोठं मन, हे सगळं त्याच्याच पदरात राहिलं. आणि त्याचं मोल, सोळा दुपारींनंतर दुसऱ्यांदा, भरलं ते भामानेच, तेही हसत.