घरच्या बाई

सहा वर्षांच्या हॅटीला घरीच शिकवायचं ठरलं आणि तिच्या आईने, कोरीनने, अख्खा उन्हाळा शिकवण्याच्या पद्धती धुंडाळण्यात घालवला. अख्ख्या आयोवा राज्यात असा एकही अभ्यासक्रम उरला नव्हता, ज्यावरून तिने नवऱ्याचं डोकं खाल्लं नव्हतं. अखेर आवाज न चढवता, हसतखेळत शिकवायची पद्धत पसंत पडली. चर्चमधल्या बायकांना तिने त्यावर प्रवचनही झोडलं.

पहिल्याच सोमवारी हॅटीने इंग्रजी ‘बी’ उलटा काढला. पुसून पुन्हा उलटाच काढला. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा कोरीनचा आवाज असा चढला की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या.

हॅटी मागच्या दाराने बाहेर गेली. कोरीन स्वयंपाकघरात जाऊन उगाच धुतलेल्याच बशा धूत बसली. जरा वेळाने पोर शाळेतून घरी आल्यासारखी पुढच्या दाराने आत आली.

“आई, बाई फार ओरडतात गं.”

कोरीनला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. “हो का? थांब, चांगली खरडपट्टीच काढते त्यांची.”

“नको ना, रागावू नकोस,” हॅटी तिच्या कमरेला बिलगली. “नवीन आहेत ना त्या. घाबरल्यात बिचाऱ्या.”