बाजूचा बाक

“ह्या काय केलंस गो बाय? बाक बाजूक खंय ठेवतत?” एक डोळा मिटून बाबांनी लेकीने बनवलेल्या गळाच्या नव्या काठीवरून नजर नेली.

कुठलीच काठी मुळात अगदी सरळ नसते. तिचा बाक आकाशाकडे ठेवून दोर जाण्याच्या कड्या बांधल्या, की शिशाच्या वजनाने शेंडा खाली येतो आणि काठी सरळ होते. हे बाबांनीच तिला शिकवलं होतं. त्यामागचं गणित ती नंतर कॉलेजात शिकली.

“एकदा हातात तर घेवा.”

पक्षाघातानंतर त्यांचं उजवं मनगट आत वळलं होतं. तेव्हापासून त्यांनी काठी धरलीच नव्हती. आता धरली, तशी मनगटाबरोबर तीही वळली. बाक बरोबर वर आला. तिने टोकाला शिसं अडकवलं. काठी सुतासारखी सरळ झाली.

बाबा हसतील असं तिला वाटलं होतं. ते मनगटाकडे बघत होते. ज्याला रोज सकाळी तेल चोळून ते डाव्या हाताने सरळ करू पाहत, त्या मनगटाकडे.

“म्हणजे हो हात आता असोच रवतलो?”

कड्या अजून नुसत्या दोऱ्याने बांधलेल्या होत्या. वर रोगण चढलं, की त्या कायमच्या बसणार होत्या.

“रोगण इतक्यात लावू नको, बाय.”

तिने रोगणाच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं आणि खिडकीतली तेलाची बाटली आणून त्यांच्यापुढे ठेवली.