मिस्त्रींचा कान

मिस्त्रींनी पत्र्याच्या नळीला तळहात लावला. हाताला काहीच लागेना.

चूक त्यांचीच होती. प्रयोगशाळेच्या छतावरचा हा हवेचा पंखा इतका हादरायचा, की खालच्या मजल्यावर सूक्ष्मदर्शकात चित्र स्थिर राहत नसे. म्हणून गेल्या आठवड्यात मिस्त्रींनी पंख्याच्या उंचावरच्या बंद पेटीखाली स्प्रिंगा बसवल्या, पेटी आणि नळी यांच्यामध्ये रबरी बाही घातली. काम फक्कड झालं. हादरा नळीपर्यंत पोचेनासा झाला.

आणि मिस्त्री दोन वर्षांपासून ठार बहिरे होते. आजवर तळहातानेच ऐकत आले होते.

हे एकट्या जावयाला ठाऊक होतं. तो त्यांच्याच हाताखाली होता. लेकीला वाटे, वयाने थोडं कमी ऐकू येतं एवढंच. "मामा, मी आहे ना!" असं जावयाने मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. नाक खाजवलं की घरघर, किल्ल्या खिशात टाकल्या की सगळं ठीक, या खुणाही त्यानेच ठरवल्या होत्या. असा जावई मिळायला नशीब लागतं. सहा वर्षांनी मिस्त्री निवृत्त झाले की त्यांची जागा त्यालाच मिळणार, हे ठरल्यात जमा होतं.

आज नवे साहेब तपासणीला आले होते. कान गेल्याचं कळलं तर नोकरी गेलीच. त्यात साहेबांची मिशी इतकी झुपकेदार, की ओठ वाचायचीही सोय नाही.

मिशी हलली. भुवया वर गेल्या. म्हणजे प्रश्न असणार.

मिस्त्रींनी थाटात नळीला कान लावला, डोळे मिटले. मग हळूच एक डोळा उघडला. जावयाने नाक खाजवलं.

"उजव्या बेअरिंगला घरघर आहे, साहेब," मिस्त्री म्हणाले. "अगदी बारीक. तुम्हाला नाही कळायची. त्याला तीस वर्षांचा कान लागतो."

साहेब हसले नाहीत. मिस्त्रींनी जावयाकडे पाहिलं. तो मान खाली घालून किल्ल्यांशी चाळा करत होता.

साहेबांनी फाइलीतून घडी घातलेला कागद काढला आणि मिस्त्रींच्या डोळ्यांपुढे धरला. अक्षर मोत्यासारखं होतं.

'मिस्त्रींना ऐकू येत नाही. खात्री करायची असेल तर पंखा बंद ठेवून विचारा.'